आक्काचा कोंडवाडा

माझी बायको जन्मभर माझ्याबरोबर राहिली आणि हे न कळताच गेली. मुलींना ठाऊक नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलतो — पाऊसपाण्याचं, नातवंडांचं. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून? काय असेल ते असो. कुठून धरावं, तेच कळत नाही.

आक्कापासून धरतो.

आक्का माझी सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्कानंच मला वाढवलं — तीही तेव्हा पोरच होती. पुढे तिचं लग्न झालं. नवरा तारवावर खलाशी होता, तो एका खेपेला गेला आणि परत आला नाही. मी लालबागेत सुतारकामाला लागल्यावर तिला मालवणाकडून बोलावून घेतलं. चाळीत दुसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून आमची खोली होती. प्लेग अजून यायचा होता. परळ-लालबागेत गिरण्यांची नवी धुराडी उभी राहत होती, आणि पहाटेचा भोंगा झाला की चाळीतल्या अर्ध्या बायका डोक्यावर पदर घेऊन खाली उतरायच्या.

त्यांची पोरं? त्यांना अफूची गोळी. मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून पाजायची, की पोर दुपारपर्यंत निजून राहायचं. आईचाही दोष काय काढणार? पण आक्कानं असं एक पोर पाहिलं, हलवलं तरी डोळे न उघडणारं. त्या दिवसापासून ती सांगू लागली — पोर माझ्याकडे टाक आणि जा, पण गोळी नको. कुणी मूठभर तांदूळ द्यायचं, कुणी काहीच नाही. हळूहळू आमची खोली पोरांनी भरली.

त्यांत एक चिमी होती. सगुणाची मुलगी. सगुणा घाटावरची, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. चिमी नुकती उभी राहायला लागलेली, आणि तिला जिन्याचं भारी वेड. पाठ वळली की रांगत जिन्याकडे. एकदा मी जेवायला घरी आलो तर आक्कानं तिच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून ती चौकटीला अडकवली होती. चिमी चिंधी ताणून ताणून रडत होती आणि आक्काच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, वासरासारखं बांधायचं माणसाच्या लेकराला.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं.

एवढं सांगू द्या मला — ते मी फार मनापासून केलं. माझ्या हातून झालेलं तेवढं एक काम खरोखर चांगलं होतं. पोरांना आत मोकळं खेळता यावं असं कुंपण — सागाच्या पट्ट्यांच्या चार चौकटी, पोराच्या छातीइतक्या उंच. पहिल्या खेपेला पट्ट्यांत अंतर जास्त पडलं, एका पोरानं त्यातून घातलेलं डोकं अडकलं आणि सगळी चाळ गोळा झाली. मग अंतर कमी केलं. चौकटी कोपऱ्यांत बिजागऱ्यांनी जोडल्या, आणि बिजागरीत पितळेची सळई — पुढच्या एका कोपऱ्यातली सळई ओढून काढली की सगळं दुमडून फळीसारखं सपाट. आक्का ते काखेत मारून सकाळी गॅलरीत न्यायची, दुपारी खोलीत. एका बाजूला दार, दाराला आकडा. आणि वरून झाकण. गिरणीचा धूर, कापसाचा भुगा, माश्या — पोरं दिवसभर खोकायची. आधी जाडं मांजरपाट घातलं तर आत उकडून पोरं लाल झाली. मग वेताच्या कमानी बसवल्या आणि त्यांवर पातळ मलमल, बंद लावून. बंद सोडले की कापड हातात. आक्का ते रोज धुवायची आणि रोज ते काळं व्हायचं. ते काळं पाणी ती मला दाखवायची — हे बघ, एवढं त्यांच्या छातीत गेलं असतं.

चाळीतले लोक हसून त्याला आक्काचा कोंडवाडा म्हणायचे. चिमी पट्ट्या धरून उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची.

आता इथून पुढे माझं पाऊल जड होतं.

आमच्या कारखान्याच्या मालकांनी ती गोष्ट गिरगावातल्या एका वकिलांना सांगितली. त्यांना नातू झालेला. त्यांनी मला बोलावलं, बसायला पाट दिला — मला, सुताराला — आणि तसंच एक करून मागितलं, दसऱ्याच्या आत. मी हुरळलो. किती हुरळलो हे आज सांगायलाही लाज वाटते. शिसवीचं केलं, पट्ट्यांच्या टोकांना कमळं कोरली. सगळं झालं आणि पितळेची एक सळई कमी पडली. तांबट आज देतो, उद्या देतो करत राहिला. दसरा दाराशी आला.

मग मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असेल.

आक्का पाण्याला गेली होती. मी तिच्या कोंडवाड्याच्या मागच्या कोपऱ्यातली सळई — दुमडताना ती कधी काढावी लागत नसे — काढली आणि तिथं बांबूची काडी तासून बसवली. वरून पाहिलं तर कळत नव्हतं. आक्काला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, पोरांचं काढून वकिलाला देतोस? आणि ते मला ऐकायचं नव्हतं. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हटलं.

दसरा झाला. वकिलांच्या घरी वाहवा झाली, आणखी दोन घरांतून बोलावणं आलं. तांबटानं सळई आणून दिली. ती मी माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकली. रोज पेटी उघडत होतो, रोज ती दिसत होती. आज संध्याकाळी बसवू — असं रोज. त्यात काय होतं? हातासरशीचं काम. मी दुसऱ्या घरांसाठी कमळं कोरत होतो.

त्या दुपारी जेवून मी पुन्हा कामाला निघालो तेव्हा आक्का पोरांना आत ठेवत होती. शेवटी चिमीला ठेवलं, दार ओढलं, आकडा लावला आणि सवयीप्रमाणे एकदा हलवून पाहिला. मी उंबऱ्यात उभा होतो. मी पाहिलं.

थोड्याच वेळानं चाळीतला एक माणूस धावत कारखान्यात आला. आक्का कोंडवाड्याबाहेर निजवलेल्या एका तान्ह्या पोराला धुवायला गॅलरीच्या टोकाला नळावर गेली होती. तेवढ्यात चिमी जिन्यावरून पडली होती.

मी पोचलो तेव्हा आक्का तिला उचलून शेजाऱ्यांबरोबर इस्पितळात गेली होती. बाकीची पोरंही रांगत गॅलरीत आलेली, ती समोरच्या खोलीत नेली होती. आमच्या खोलीत कुणी नव्हतं. मलमल जागच्या जागी होती. दाराला आकडा लागलेला होता. आणि मागचा कोपरा उघडा — बांबूची काडी मोडून तिचे दोन तुकडे जमिनीवर पडलेले.

मी तुकडे उचलून खिशात घातले. पेटीतून सळई काढली आणि कोपऱ्यात बसवली. किती सहज बसली ती. मग पुढे आलो आणि दाराचा आकडा काढला. दार उघडं टाकलं.

कुणी मला सांगितलं नव्हतं. हे मला आजही समजत नाही — की समजतं?

संध्याकाळी सगळे परत आले ते चिमीला पुरूनच. आक्का दारात थबकली. तिनं ते उघडं दार पाहिलं. तिच्या मागे चाळीतल्या बायका होत्या, त्यांनीही पाहिलं. कुणीतरी हळूच म्हणालं, आकडा राहिला गो म्हातारीचा. ती म्हातारी नव्हती. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. पण त्या संध्याकाळी दिसली.

बायका गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. बराच वेळ हातांकडे पाहत होती. बोटं हलवून पाहत होती — आकडा लावतात तशी. मग माझ्याकडे वळली.

"गोविंदा, आकडो लावललो मां रे? तू बघलंस मां?"

एवढंच विचारलं तिनं. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पाहिलं होतं हे तिला आठवत होतं. मी हो म्हणायचं होतं. बस्स, हो. पुढचं सगळं मग सांगावं लागलं असतं, हे खरं.

"लागललो नसतलो, आक्का," मी म्हणालो. "माणूस विसारता."

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता ना — स्वतःच्या हातांपेक्षा माझ्या डोळ्यांवर जास्त.

त्यानंतर तिनं पोरं घेणं सोडलं. बायका काही दिवस दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्याच काही रागावल्या नव्हत्या. दोघीतिघी तर विनवण्या करायला आल्या. आक्का आत तोंड करून बसायची. मग त्या गेल्या आणि पुन्हा मोहरीएवढ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या थंडीत समोरच्या खोलीतलं एक पोर झोपेतच गेलं. आक्कानं रडं ऐकलं. उठली नाही. ते पोर कुणाच्या माथी लिहायचं? मला माहीत आहे कुणाच्या.

मी मात्र कोंडवाडे करत राहिलो. चांगले केले. कोपऱ्याला दुहेरी सळया घालू लागलो, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, मेस्त्री पोरांची किती काळजी घेतात.

माझं लग्न झालं, थोरली मुलगी झाली. बाळंतिणीनं मोठ्या हौसेनं तिला आक्काच्या मांडीवर द्यायला नेलं. आक्कानं हात पाठीमागे घेतले. "माझ्या हातात नको," म्हणाली. बायकोला वाईट वाटलं, तिला वाटलं मुलगी झाली म्हणून. मी बायकोलाच गप्प बसवलं. ज्या हातांवर मी वाढलो त्या हातांत माझी मुलगी कधी गेली नाही.

मग प्लेग आला. लोक मिळेल त्या आगबोटीनं मुलूख गाठू लागले. आक्काही गेली, ती परत आलीच नाही. गावी एकटीच राहिली. पुढे चुलत्याचा निरोप आला — आक्का खालावली, येऊन भेट.

मी निघालो त्या दिवशी सगुणा वाट अडवून उभी राहिली. त्या घटनेनंतर आम्ही एकाच चाळीत राहत होतो, पण ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. तिला पुन्हा मूल झालं नव्हतं. म्हणाली, "आक्कास्नी सांगा, माज्या मनात काय न्हाई. हुतं, पर आता न्हाई. त्येवढं सांगाच."

आगबोटीत मी ठरवलं — सगळं सांगायचं. पाय धरायचे आणि सांगायचं. भाऊच्या धक्क्यापासून घरापर्यंत तेच घोकत गेलो.

आक्का शुद्धीवर होती. मला पाहून हसली, माझ्या अंगावर मांस नाही म्हणाली. मी तिच्याजवळ राहिलो, पेज भरवली, पाय चेपले. वेळ होता. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. आणि मी काय बोललो? घराच्या कौलांविषयी बोललो. मागच्या फणसाला यंदा किती लागलेत ते बोललो. मुंबईत कोण मेलं, कोण जगलं ते सांगितलं. एकदा तिनं आपणहून विचारलं, सगुणा कशी आहे. मी म्हणालो, बरी आहे.

निरोप दिला नाही. देता आला नाही. क्षमेचा निरोप होता तो — तिला, जिनं काहीच केलं नव्हतं. तो शब्द तोंडाशी आला की त्याच्यामागून बाकीचं सगळं येणार, हे मला कळत होतं. म्हणून तोंड मिटून घेतलं. निदान तेवढा निरोप मिळाला असता तरी ती हलकी होऊन गेली असती. तोही मी अडवला.

आक्का गेली. दिवस करून मी मुंबईस आलो.

सगुणा जिन्यात भेटली. कामावर निघाली होती, हातात भाकरीचं फडकं. माझं मुंडलेलं डोकं पाहून ती काय ते समजली. पदर तोंडाला लावून तिनं विचारलं, "सांगितलंत न्हवं त्यास्नी?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हनाल्या?"

"बरं वाटलं म्हणाली."

सगुणानं डोळे पुसले. मला वाकून नमस्कार केला आणि भोंगा व्हायच्या आत जिना उतरून गेली.