पाळकीणबाईला सांगून ठेवावं म्हटलं

पाळकाविषयीची तक्रार माणसं पाळकाला सांगत नाहीत, त्याच्या बायकोला सांगतात. तलासरीला आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मला हे कळलं.

आम्ही नगरकडचे. माझ्या नवऱ्याची पाळक म्हणून नेमणूक इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीवर झाली. पत्र्याचं छप्पर असलेलं देऊळ, वेवजीकडच्या पाड्यांवरची काही घरं, तलासरीतले दोन-चार शिक्षक आणि डहाणूहून येणारी थोडी नोकरदार माणसं. उपासना संपली की मी गीतांची पुस्तकं गोळा करायचे, आणि तेवढ्यात कुणीतरी जवळ येऊन उभं राहायचं. रविवारचा संदेश फार लांबतो. संदेश आटोपशीर केला, तर हल्ली तयारी करत नाहीत वाटतं. पाड्यांवरच फिरतात, गावातल्यांकडे येत नाहीत. गावात आले, तर चहा मिळतो तिथेच जातात. त्यांची नगरी बोली पाड्यावरच्या बायकांना कळत नाही, हेही ऐकलं, म्हणून नवरा मोडक्यातोडक्या वारलीत प्रार्थना करायला शिकला. तेव्हा एक शिक्षक मला म्हणाले की पाळकाला हे शोभत नाही.

सगळे हसून बोलायचे. मी घरी जाऊन त्यातलं निम्मंच सांगायचे. उरलेलं निम्मं त्याला माझ्या तोंडावरून कळायचं.

एक बाई तेवढी वेगळी होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणत. जीभ तिखट. एका सोमवारी ती दारात उभी राहिली, तेव्हा मी मनातून धसकलेच. आत येऊन ती नवऱ्याला म्हणाली, की घरातून हाकललेल्या हागारेला वाळवंटात विहीर दिसली हे तुम्ही काल सांगितलंत, ते मला अंथरुणाला खिळलेल्या माझ्या माणसाला भरवताना पुन्हा आठवलं. एवढं बोलून निघाली. मग ती अधूनमधून येतच राहिली. दर वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि ती खरी असायची. तिला खोटं गोड बोलता येत नव्हतं.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, तुमची काहीच तक्रार नाही?"

"आहे की. मागच्या बाकावर त्यांचा आवाज पोचत नाही, ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय," ती म्हणाली. "पण तक्रारीच्या खिडकीवर ही गर्दी. शेजारची खिडकी रिकामी. म्हणून मी तिथं उभी राहते."

मग मंडळीच्या मुख्य पंचांचे वडील वारले. त्याच सकाळी वेवजीच्या एका पाड्यावरची बाई अडली होती. तिचा नवरा पंचांच्याच चिकूवाडीत कामाला. गाडी मिळेना, म्हणून माझ्या नवऱ्याने कुणाची तरी जीप मागून तिला वापीला नेलं. बाई वाचली, मूल वाचलं नाही. तो तिथंच अडकला. निरोप मिळून परत येईपर्यंत इकडे कबरीवर माती पडली होती. पंचांनी स्वतःच प्रार्थना वाचली होती. नवऱ्याने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

मंडळीच्या पुढच्या बैठकीला वरच्या कार्यालयातून एक ज्येष्ठ पाळक आले. तेव्हा इतकी वर्षं माझ्याकडे येऊन सांगितलेलं सगळं तिथे एकेक करून बाहेर निघालं. लांबलेले संदेश, न घेतलेल्या भेटी, वारली प्रार्थना, शेवटी ती माती. सिस्टर उठून बोलली. त्या दिवशी पाळक कुठे होते, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, सिस्टरना पाळकांचा भारी पुळका. काहीजण हसले.

वापीला नेलेल्या त्या बाईचा नवरा तिथेच भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. पंच समोर बसले होते. तो पायाच्या नखांकडे बघत बसला. त्याची अडचण मला कळत होती, आणि तरी त्याला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

त्याला इथून हलवायचं ठरलं. निरोप समारंभाला शाल होती, हार होते. पंच म्हणाले की असा पाळक पुन्हा मिळणार नाही. नवरा मान खाली घालून ऐकत होता. दुसरी मंडळी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. आम्ही डहाणू रोडला खोली घेतली. आता तो एका शाळेच्या ऑफिसात काम करतो. रविवारी कपडे धुतो, बाजार करतो. देवळाचं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

गेल्या वर्षी सिस्टर गेली. दफनासाठी मी एकटीच तलासरीला गेले. 'तू जा,' एवढंच नवरा म्हणाला होता. नवा पाळक तरुण, जरा घाबरलेला. दफन झाल्यावर पंचांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "तुमच्या साहेबांची सर नाही हो याला," ती म्हणाली. मग तिने सुरुवात केली. हा कुणाकडे जात नाही, याची बायको कुणाशी बोलत नाही.

खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड वाटलं. अजून ऐकावं असं वाटलं. माझ्या माणसाला जे मिळालं ते दुसऱ्याच्याही वाट्याला येतंय, याचं एक घाणेरडं समाधान असतं. पण नुकतीच सिस्टरवर माती टाकून आले होते. मी म्हटलं, "आजची प्रार्थना मला आवडली." तिचा चेहरा उतरला.

मग मी पाळकाच्या घरी गेले. त्याची बायको दारात आली. मला बघून तिने पदर सारखा केला आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मी आधीच्या पाळकांची बायको, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार.

"सिस्टरसाठी त्यांनी केलेल्या प्रार्थनेत घाई नव्हती," मी म्हटलं. "सिस्टरला ती चालली असती. त्यांना सांगा."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत थांबली. "आणि?"

"आणि काही नाही."

तिचा विश्वास बसला नाही. मी फाटकापर्यंत गेले तरी ती तशीच उभी होती, मी वळून खरं काय ते सांगेन म्हणून.