चंद्रीचा सलाम

माझ्या आईला एक सवत होती.
तिला चार पाय होते.

चंद्री तिचं नाव. कपाळावर पांढरा चांद, बाकी अंग काळंभोर. आज खंडेनवमी, ती गेली तो दिवस.

मी सांगती, नात टाईप करती. मला अक्षर येत न्हाय, पण तिनं काय गाळलं तर बरोबर कळतं.

गाव आमचं जळकोटच्या अंगाला, राज्य निजामाचं. अण्णा, म्हंजे माझे वडील, चंद्रीला जत्रंजत्रंत न्यायचे. तिथं घोड्यांची पारख व्हायची.

तळहातावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी घेऊन सवारानं मैदानाला फेरी मारायची. बाकीच्यांच्या बाह्या भिजायच्या. अण्णांची वाटी भरलेलीच.

मग चंद्री साहेबापुढं थांबायची, उजवा पाय उचलून मान लववायची. साहेब खूश. चार-पाच वर्सं तीच चॅम्पियन. चांदीचे तोडे मिळाले तिला.

आई म्हणायची, "तोडे तिला, हरभरा तिला, गूळ तिला. मला काय, तिची लीद?"

अण्णा म्हणायचे, "तू बी जिंकून आण, तुला बी देतो."

खोड एकच. साहेब लोक लाल रुमी टोपी घालायचे. त्यामुळं लाल टोपी दिसली की ही सलाम ठोकणार. मग तो तालुक्याचा साहेब असो, का बाजारातला अत्तरवाला.

गावातले लोक टोमणे मारायचे, "अण्णा, घोडी तुमची का निजामाची?"

अण्णांना लई लाज वाटायची. काय काय करून बघितलं, खोड गेली न्हाय.

मग ते रझाकारांचं साल आलं. आईला नववा लागलेला. एका सकाळी सुईण म्हणली, "पोर आडवं हाय. माझ्या हातातलं न्हाय. सोलापूरला न्या, न्हायतर दोघं बी जातील."

सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर. इकडच्या मोटारी बंद. नाका ओलांडला तरच पलीकडं मोटार. आन् बैलगाडीचे हिसके आईला सोसणारे न्हवते.

अण्णांनी चंद्रीवर गोधडी टाकली.

आई म्हणली, "हिच्यावर? ही मला पाडंल."

"वाटीतलं पाणी सांडत न्हाय ती. तुला काय सांडतीया."

अण्णा लगाम धरून पुढं. मी नऊ वर्सांची, गठुडं घेऊन मागं.

नाक्यावर अंमलदारानं अडवलं. "परवाना?"

परवाना कुठला. अण्णांनी हात जोडले.

"हुकूम नै. वापस जाव."

आई घोडीच्या मानेवर वाकलेली. कण्हायची बी थांबली होती.

अंमलदाराच्या डोक्यावर लाल टोपी.

चंद्रीनं पाय उचलला. आता आई पडती म्हणून अण्णांनी दोन्ही हात पुढं केले. पण हिनं पाठ हलू दिली न्हाय. फकस्त पाय आन् मान.

"अगे, ये तो सलाम करती."

हिनं परत केला.

तो हसला. हसता हसता त्याची नजर आईच्या तोंडावर गेली, तसं हसू गेलं. त्यानं आडवा बांबू स्वताच्या हातानं उचलला.

"जाव. अम्मा को संभाल के ले जाव."

त्याचं नाव कळलं न्हाय. आज त्याला बी हात जोडती.

सोलापुरात डॉक्टरीणबाईनं आई वाचवली. भाऊ बी वाचला.

पुढं निजाम गेला, चंद्री म्हातारी झाली. अशाच एका खंडेनवमीला आई तिला हळदकुंकू लावायला गेली, गुळाचा खडा दिला. चंद्रीनं तो तोंडात धरला, चावला न्हाय.

आई दोन दिवस जेवली न्हाय.

अण्णा म्हणले, "अगं, घोडी होती."

आई म्हणली, "तुमची असंल घोडी."

भाऊ आता मुरुमला असतो. सकाळी फोनवर म्हणतो, "आक्का, घोडीवर पोस्ट टाकतीस, माझ्या वाढदिवसाला काय टाकली न्हाईस."

म्हणलं, "तू अजून एक बी जत्रा जिंकली न्हाईस, बाळा."

त्या नाक्यानंतर आई चाळीस वर्सं जगली. माझं लगीन तिनं केलं, माझी बाळंतपणं तिनं केली. हे टाईप करणारीच्या आईला पहिली अंघोळ तिनंच घातली.

चंद्रे, ती चाळीस वर्सं तू दिलीस.

तुला रामराम गं.