तीनदा विचारणारा

छिन्नी भिंतीतल्या वायरला लागली होती आणि वीज कारागिराला सोडत नव्हती. ओरडणं नाही, काही नाही. नुसतं अंग थरथरत होतं. मी न्हाणीच्या दारात कोरड्यात उभी, पायात रबरी चप्पल. कपडे वाळत घालायची काठी घेऊन त्याचा हात झटकला. तो ओल्या फरशीवर पडला. डोळे उघडेच होते.

तुमच्याकडेही असा एखादा कारागीर येत असेल. आमचा पेठ तालुक्याकडचा होता. कॉलनीतले नळ, मोऱ्या, टाइल्स सगळं त्याच्याच हातचं. आल्या आल्या बोटाने टाइल वाजवून भिंतीला कान लावायचा. "फोड" म्हटलं की चिडायचा. "मावशी, फोडायला काय, कुणीबी फोडंल." करवतीच्या जुन्या पात्याने सांधा खरवडून टाइल अख्खी काढायचा आणि मागे पेन्सिलीने रेघा मारायचा. पहिलीला एक, दुसरीला दोन. त्याला आकडे लिहिता येत नव्हते. मी चौथी शिकलेली, पण त्याची टाइल चुकीच्या जागी लागलेली मी पाहिली नाही.

छिन्नी लावण्याआधी मात्र तीनदा विचारायचा, "आत वायर नाय ना?" शेजारीण एकदा म्हणाली, "लग्नाआधी बायकोलाही तीनदा विचारलंस का रे?"

"तिनंच मला इचारलं," तो म्हणाला. "चारदा."

त्या दिवशी न्हाणीच्या भिंतीत पाइप फुटला होता. मी घराचं मेन बंद केलं. त्याने चार टाइल्स काढून ओळीने ठेवल्या.

"मावशी, आत वायर नाय ना?"

"नाही."

"नीट आठवा. नाय ना वायर?"

"न्हाणीत कसली वायर? मेन बंद आहे."

त्याने पुन्हा मान वळवली. तो बोलायच्या आत मी म्हटलं, "आता विचारलंस तर दुसरा बोलावीन. सकाळपासून पाणी नाही घरात."

तो हसला. छिन्नी लावली.

वायर होती. वरची खोली भाड्याने दिली तेव्हा मुलाने तिची लाइन याच भिंतीतून नेली होती. तिचा मीटर वेगळा, मेन वेगळं, ते चालूच होतं. वायरमन भिंत खणत होता तेव्हा त्याला चहा मीच दिला होता.

रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चादर मागवली. पोलिसांनी अपघात लिहिला. मी सही केली.

पंधरा दिवसांनी त्याची बायको हत्यारांची पिशवी न्यायला आली. चहा नको म्हणाली. उघडी भिंत बघितली, ओळीने ठेवलेल्या टाइल्स बघितल्या.

"त्यांनी तीनदा इचारलं नाय का?"

"दोनदा," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा मी विचारू दिलं नाही."

ती पिशवी उचलून गेली.

भिंत दुसऱ्याने बंद केली. त्याने काहीच विचारलं नाही. वायर कुठे आहे ते मीच सांगितलं. रेघा मोजून एकेक टाइल त्याच्या हातात दिली. चारही आपापल्या जागी बसल्या.

त्या दिवशी तिथे आम्ही दोघंच होतो. मी जगले, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं मीच सांगते.