थांबली आणि थांबलीय

माझी बहीण रिटायर झालेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण लोक पुढचं वाचत नाहीत आणि गावभर सांगत सुटतात. ज्यांना घाई असेल त्यांनी एवढंच वाचून उठावं. बाकीच्यांनी नीट बसावं, मी सगळं सांगतो.

मी टेनिस क्लबात गटिंग करतो, म्हणजे रॅकेटच्या चौकटीत तारा भरतो. तिसावं वर्ष चालू आहे. शाळा आठवीत सुटली, पण तारेवर नख वाजवून सांगतो, किती पौंडाला ओढलीय ते. या शहरात माझ्या तोडीचा दुसरा नाही. एक होता, त्याच्याकडेच शिकलो, तो वारला.

बहीण माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. बेचाळीस पूर्ण. शहराची चॅम्पियन किती वेळा? अकरा वेळा. क्लबाच्या जिन्यात विजेत्यांचा लाकडी फळा आहे, त्यावर तिचं नाव लिहून लिहून पेंटर कंटाळला. मला म्हणाला, "दादा, मी आता नुसतं वर्ष लिहितो आणि खाली 'तीच' म्हणून टाकतो."

लोक तिला 'भिंत' म्हणतात. आमचे वडील याच क्लबात मैदान बघायचे. मातीच्या कोर्टांवर पाणी मारायचे, रोलर ओढायचे. ही तेव्हा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. कुणीतरी टाकून दिलेल्या रॅकेटमध्ये तार भरून तिच्या हातात कुणी दिली? मी. भिंतीवर कितीही जोरात मारा, चेंडू परत येतो. हिनं तेच उचललं. समोरची मारून मारून दमते, चेंडू परत येतच राहतो, शेवटी समोरची रडवेली होऊन जाळीत मारते.

आता चॅम्पियन म्हटल्यावर तुम्हाला वाटेल मोठी गाडी, गॉगल. तसलं काही नाही. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीत बसते. लोक येऊन तोंडाला येईल ते बोलतात, ही अर्ज घेते, शिक्का मारते, पुढचा. तिथंही भिंतच. पहाटे कोर्ट, दिवसा खिडकी, संध्याकाळी परत कोर्ट, असं तिनं वीस वर्षं काढलंय. आणि आता ज्यांना जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, ते मला विचारतात, "अजून किती खेळणार ही?" अरे, तुझं काय जातं?

तर यंदाची फायनल. तिसऱ्या सेटमध्ये तिच्या उजव्या कोपरात कळ आली. मी जाळीच्या बाहेर उभा होतो, मला तिच्या खांद्यावरूनच कळलं. शेवटचे तीन गेम तिनं खालून सर्व्हिस केली, लहान पोरं करतात तशी. तरी जिंकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिला शिक्का उचलेना. डाव्या हातानं मारायला लागली, तर सगळे शिक्के तिरके. साहेब म्हणाले, "मॅडम, तक्रारी सरळ आहेत, शिक्के का वाकडे?"

हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत गेलो. त्यांनी कोपर दाबून बघितलं, फोटो बघितले आणि म्हणाल्या, "आतला स्नायूबंध अर्धा फाटलाय. सहा महिने रॅकेटला हात लावायचा नाही. आता विश्रांती घेतलीत तर आणखी चार वर्षं खेळाल. नाही घेतलीत तर चार मॅच."

बहीण म्हणाली, "चार वर्षं."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तार किती घट्ट भरता हिची?"

"अठ्ठावन्न पौंड," मी छाती काढून सांगितलं. "वीस वर्षं तेच. चॅम्पियनची रॅकेट आहे, पाळणा नाही सैल असायला."

"रॅकेट तेवढीच घट्ट राहिली हो, कोपर वीस वर्षांनी म्हातारं झालं. पन्नासवर आणा."

माझं डोकंच फिरलं. मी काय बाईंना हाडं शिकवायला गेलो होतो का? घरी येईपर्यंत रस्ताभर बडबडत होतो. बहीण मनात हिशेब करत होती, सहा महिने म्हणजे पुढच्या स्पर्धेच्या आधी किती आठवडे उरतात.

आता क्लबाचा नियम ऐका, कारण सगळी भानगड इथेच आहे. दुखापत झालेल्या खेळाडूला वर्षभराची रजा मिळते आणि तिची यादीतली जागा राखून ठेवतात. बहिणीची जागा एक नंबर. पण फायनलनंतर पंधरा दिवसांत कळवावं लागतं. आणि एकदा का खेळाडूनं खेळ सोडला अशी नोंद झाली, की जागा गेली. परत यायचं तर सगळ्यांत खालून, सतरा-अठरा वर्षांच्या पोरींबरोबर पाच जास्तीच्या मॅच खेळून. त्या कोपरानं पाच जास्तीच्या मॅच म्हणजे परत यायलाच नको.

बहीण मला म्हणाली, "दादा, तू रोज क्लबात असतोस. सेक्रेटरींना एवढंच सांग, मी सध्या थांबलीय. डॉक्टरांचा कागद मी शनिवारी आणून देते." शनिवार हा पंधरावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरीचाच फोन आला. तो वर ऑफिसात बसतो, मी खाली जिन्याखालच्या खोलीत. बायको डबा घेऊन आली होती, ती समोर स्टुलावर. माझ्या हातात रॅकेट, शेवटची गाठ मारायची होती. फोन खांद्यावर धरला.

"काय मग, बहीणबाईंचं काय ठरलं?"

मी सांगितलं.

"थांबली?"

"हो म्हटलं ना!"

"नक्की ना? मी वहीत लिहितोय."

"माझा शब्द म्हणजे तिचा शब्द! लिहा!" असं म्हणून फोन ठेवला. मला असलं दोनदा विचारलेलं खपत नाही.

गुरुवारी सकाळी क्लबात पाऊल टाकतो तर नोटीस बोर्डावर कागद. 'आपली लाडकी चॅम्पियन थांबली. निरोप समारंभ शनिवारी सकाळी दहा वाजता. क्लबातर्फे भिंतीवरचं घड्याळ भेट.' शेजारी पुढच्या वर्षाची यादी. एक नंबरवर कोण? सेक्रेटरीची भाची. पोरगी चांगली खेळते, मी नाही म्हणत नाही, तिचं गटिंग मीच करतो. पण एक नंबर?

जिना मी तीन ढांगांत चढलो.

"काय हे? कुणी सोडलाय खेळ?"

"तुम्हीच म्हणालात, थांबली."

"अहो, थांबलीय म्हणालो! बस स्टॉपवर बाई थांबलीय म्हणजे तिचा प्रवास संपला का? बस यायचीय तिची!"

"तुम्ही 'थांबलीय' म्हणाला नाहीत. 'थांबली' म्हणालात. म्हणून तर मी परत विचारलं."

"य खाल्लात तुम्ही! भाचीसाठी य खाल्लात!"

"मी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही," तो म्हणाला. एवढा थंड माणूस मी बघितला नाही. "हरकत असेल तर शनिवारी नऊला कमिटी बसतेय, तिथं या."

संध्याकाळी बहीण घरी आली. तिला कुणीतरी ऑफिसच्या खिडकीतच येऊन सांगितलं होतं. पाण्याची तक्रार करायला आलेला माणूस, अर्ज देता देता म्हणाला, छान खेळलात हो इतकी वर्षं. तिनं पर्स टेबलावर ठेवली, डाव्या हातानं, आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला चिडलेली फार कमी बघितलीय. कोर्टावर तर कधीच नाही.

"मी तुला निरोप द्यायला सांगितला होता दादा. तू मलाच निरोप दिलास."

"अगं, त्या माणसानं य..."

"मला य-बिय माहीत नाही. मला ती जागा पाहिजे. माझ्याकडे दुसरं काय आहे? सकाळी उठून मी कशासाठी पळते? दिवसभर लोकांच्या नळाचं ऐकते ते कशाच्या जोरावर? चार वर्षं मिळत होती मला. चार. तू एका फोनमध्ये घालवलीस."

"मी बघतो त्याच्याकडे!"

"तू नेहमीच बघतोस. एकदा तरी नुसता निरोप दे. भाषण नको."

ती गेली. मी सेक्रेटरीच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. बायको भांडी पुसत होती. तोंड न वळवता म्हणाली, "तुमच्या दातात तार होती."

"काय?"

"फोनवर बोलत होतात तेव्हा. गाठ ओढताना तारेचं टोक दातात धरता तुम्ही. मी समोरच बसले होते. मलासुद्धा 'थांबली'च ऐकू आलं. मला वाटलं, दोघांनी ठरवलं असेल."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस!"

"तुमचं बोलणं चालू असताना?"

आता खरं सांगतो. गाठ मारताना डाव्या हातात सुई, उजव्या हातात रॅकेट, तारेचं टोक दातात. माझ्या उस्तादाचीच पद्धत. त्याचे पुढचे दोन दात त्यातच झिजले होते. तीस वर्षं तसंच करतोय, कधी काही बिघडलं नाही. मी बायकोवर ओरडलो, जेवलो नाही, शुक्रवारी कामावर तीन तारा तोडल्या. तीन! माझ्या हातून वर्षात एक तुटत नाही.

शनिवारी नऊला कमिटीच्या खोलीत गेलो. लांब टेबल, पाच माणसं, मध्ये अध्यक्षीणबाई. कोपऱ्यात खोक्यातलं घड्याळ, वर लाल रिबीन. ते बघूनच माझं रक्त तापलं. बहीण डॉक्टरांचा कागद घेऊन बसली होती. मी उभा राहिलो आणि सुरू झालो. वडिलांनी ओढलेला रोलर, अकरा वर्षं, फळा, पंपाची भिंत, सेक्रेटरी, भाची, सगळं काढलं. टेबलावर हात आपटला, पाणी सांडलं.

"दादा, थांब," बहीण म्हणाली.

तिचा आवाज ऐकून मी थांबलो.

ती कमिटीकडे वळली. "बघा, थांबला. याचं बोलणं संपलं असं वाटतंय का कुणाला?"

आधी अध्यक्षीणबाई हसल्या, मग सगळे. सेक्रेटरीसुद्धा. मी मात्र हसलो नाही.

बाईंनी डोळे पुसले आणि वही पुढं ओढली. "मुद्दा कळला. पण इथं तुमच्या भावाचा शब्द लिहिलाय. ते 'थांबलीय' म्हणाले असतील तर सेक्रेटरींनी मुद्दाम चुकीचं लिहिलं, त्यांचं पद जाईल. म्हणाले नसतील तर तसं सांगावं, मी नोंद खोडते. काय म्हणालात दादा तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरीच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसला. त्याचं पद घालवायला मला एक शब्द पुरला असता, आणि दोन दिवस मी तोच शब्द घोळवत होतो. बहीण माझ्याकडे बघत नव्हती. दुखऱ्या कोपराखाली डावा हात धरून बसली होती.

"माझ्या दातात तार होती," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे य दातात राहिला. त्यांनी दोनदा विचारलं. मी ऐकलं नाही. चूक माझी."

हे वाक्य आयुष्यात मी पहिल्यांदा बोललो, तेही पाच माणसांसमोर. बाईंनी नोंद खोडली, कागदावर रजा मंजूर लिहिलं, जागा एक नंबर, वर्षभर राखीव.

"आता या घड्याळाचं काय करायचं?" सेक्रेटरी म्हणाला. "परत घेत नाहीत ते."

"कोर्टासमोर लावा," बहीण म्हणाली. "मी येईपर्यंत बघत बसा."

बाहेर पडून आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर म्हणाली, "डॉक्टर पन्नास म्हणाल्या होत्या."

"मला ऐकू आलं होतं."

"मग?"

मी माझ्या खोलीत शिरलो. माझ्या मशीनवर तिच्यासाठी खडूनं अठ्ठावन्न लिहून ठेवलेलं होतं, वर्षानुवर्षं परत परत गिरवलेलं. ते मी ओल्या फडक्यानं पुसलं आणि पन्नास लिहिलं. तिची रॅकेट उतरवून तारा कापून टाकल्या. ती रिकामी चौकट आता खिळ्यावर आहे. तिनं यावं, मग भरीन.

माझा राग गेलाय असं समजू नका. काल घड्याळाखाली उभा राहून एक सभासद माझ्या खोलीच्या खिडकीतून मला विचारत होता, "काय दादा, बहीण थांबली ना शेवटी?"

मी आधी तोंडातली तार काढली. मग बोललो.