लुगड्याची उधारी

रिसोडच्या एका कापड दुकानाचा मुनीम वसुलीला आमच्या किन्हीराजा गावातल्या घरी आला, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. काखेत छत्री, धुळीनं पांढरे झालेले पाय, आणि बोलणं इतकं गोड की मला तेव्हाच शंका आली. बाजेवर टेकता टेकताच त्यानं एका बाईचं नाव घेतलं. ती याच घरात राहते असं कळलं, म्हणाला. तिच्यासाठी दुकानातून लुगडं गेलं होतं, त्याचे पैसे मागेच राहून गेलेत.

त्या नावाची बाई आमच्या घरात नव्हती. गल्लीतही नव्हती. बाबांनी डोकं खाजवलं. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. लुगडं, परकी बाई आणि उधारी, एवढं तिला पुरेसं झालं. ती बाबांकडे अशी पाहायला लागली की बाबा बिचारे शपथा घेऊ लागले. खरं सांगते, मलाही त्यांचा रागच आला. मायसाठी त्यांनी कधी धड लुगडं आणलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुनीम गडबडला. त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून ते नाव पुन्हा मोठ्यानं वाचलं. तेवढ्यात मळ्यातून वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन माय अंगणात शिरली.

"ओ," माय म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो आणि ती आमच्याकडे. आपण ओ का दिली हे तिलाच कळेना. माझं तर डोकंच चालेना. मायला एक नाव होतं, साऱ्या गावाला ठाऊक असलेलं. मग हे दुसरं कुठून आलं?

लग्नात पोरीचं नाव बदलतात हे मला माहीत होतं. पण आपल्या मायचंही बदललं असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना या घरात आली. बाबाही तेव्हा पोरच, तिचं जुनं नाव त्यांच्या लक्षात कुठलं राहायला! ते लुगडं तिच्याच लग्नातलं. तिच्या बापानं लेकीचं नाव आणि तिचं सासर सांगून उधार नेलेलं. तो म्हातारा कधीच गेला होता, दुकानाचा जुना मालकही गेला, आणि आता त्याच्या पोरांनी जुन्या चिठ्ठ्या उकरून काढल्या होत्या.

मुनीमालाही दया आली असावी. म्हणाला, "या नावाचं इथं कोनी नाही म्हना. मी तसंच सांगतो मालकाले. मिटलं."

आत्यानं लगेच सांगूनही टाकलं, नाही कोणी म्हणून. बाबा मायला डोळ्यांनी खुणावत होते. वांग्यांच्या पैशांवरच आमचं मीठ-मिरची चालायचं. अगं बाई, म्हण ना नाही, असं मलाही झालं.

मायनं टोपलं खाली ठेवलं.

"कायले नाही म्हनू? थे मीच होय. नाही म्हनलं तं माह्या बापाची लेक मेली, असंच झालं ना?"

मग दर बाजाराला माय जवळच्या मालेगावला वांगी विकायची आणि मुनीम तिथं यायचा. तो लांबूनच त्या नावानं हाक मारायचा. माय पदर सारखा करायची, हसायची, आणि कमरेची पिशवी सोडून थोडे थोडे पैसे द्यायची. माणूस पैसे न्यायला येतो आणि हिचा चेहरा उजळतो, हे काय गौडबंगाल आहे ते मला काही केल्या कळायचं नाही. घरी आत्या तोंडाचा पट्टा सोडायची, आणि मला तिचंच खरं वाटायचं.

एका बाजारी शेवटचे पैसे दिले. मुनीमानं चिठ्ठी फाडली, रामराम केला आणि गेला. माय घरी आली आणि चुलीपुढं बसून रडायला लागली. आत्या म्हणाली, एवढी वांगी फुकट गेली, रडेल नाही तर काय. मलाही तसंच वाटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून समजूत घातली.

"फिटलं ना, माय. थो आता कदी येनार नाही."

त्यावर ती आणखीच रडली.