डाव्या हाताचं काम

"काका, लोक गिअरची कटकट नको म्हणून ऑटोमॅटिक घेतात. तुमचं आपलं उलटंच!" माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीत क्लच बसवून, मधोमध गिअरचा दांडा उभा करून गॅरेजवाला हसला. मीही हसलो. ऑटोमॅटिकमध्ये डावा हात मोकळा राहतो आणि माझा तो हात इतकी वर्षं शेजारी बसलेल्या मालतीच्या हातात असायचा, हे त्याला काय सांगणार? बायको गेल्यावर मनाची कशीबशी समजूत घालता येते, हाताची कशी घालायची? निदान त्याला धरायला काहीतरी हवं.

परतताना हात दांड्यावर घट्ट होता. सिग्नलला गाडी न्यूट्रलवर आणली, तर तो आपसूक शेजारच्या सीटवर गेला. उन्हानं सीट उबदार झाली होती. मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी पहिला गिअर टाकवेना.