उघाडीवाले तात्या

तात्यांना उघडं दार सहन होत नसे. पोयनाडच्या बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. भर मे महिन्यात, पंखा नुसती गरम हवा फेकत असताना तात्या आत यायचे आणि मागे वळून दार घट्ट लावून घ्यायचे. मग बोलता बोलता त्यांचा हात टेबलावर फिरायचा. पेनाला टोपण लाव, गोंदाची बाटली बंद कर, अर्धा ओढलेला खण आत सरकव. मी म्हणायची, "तात्या, दार लावलंत तर गिऱ्हाईक कसं येणार?" ते म्हणायचे, "ज्याला यायचाय तो ढकलून येल गो."

ही सवय त्यांना धंद्यातून लागली होती. आमच्या खारेपाटातली शेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. मध्ये मातीचा बांध असतो आणि त्या बांधात एक लाकडी दारांची मोरी, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून खाडीत जातं, भरती आली की दारं मिटतात. दार अडकलं की खारं पाणी शेतात. मग तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही. तात्यांनी गावाची उघाडी तीसेक वर्षं सांभाळली. भरतीची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळायची. एक वाक्य तर ते इतक्यांदा म्हणत की गावातल्या बायका ते पोरांना दार लावायला सांगताना वापरू लागल्या होत्या. "समुद्राला भूक न्हाय, सवय हाय. दार उघडं दिसलं की तो येनारच."

माझ्या दुकानात ते आले ते म्हातारपणी, उघाडी दुसऱ्याकडे सोपवल्यावर. हातात दोनशे पानी वही. मला वाटलं, खारभूमीच्या ऑफिसला अर्ज असेल. तर म्हणाले, "कादंबरी हाय. टाइप करून दे." वही उघडली आणि मी चाटच पडले. समुद्राच्या तळाशी सप्तद्वार नावाचं राज्य. सात दरवाजे, सात द्वारपाल. राणी जलजा. निरोप घेऊन उडणारे बोलके बगळे. शिंपल्यांच्या चिलखतातलं शत्रूचं सैन्य. तात्यांनी जन्मभर लिहिलं ते फक्त अर्ज, त्यामुळे राणीसुद्धा अर्जातलंच मराठी बोलायची. "उपरोक्त विषयी सेनापतीस कळविण्यात येते की" अशी सुरुवात करून ती युद्ध पुकारायची. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. तात्या मुळीच रागावले नाहीत. "राणी हाय ती. आपल्यासारकी बोलंल काय?"

रागावले ते एकदाच, एका शब्दावरून. बांध फुटतो त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. सप्तद्वाराची भिंत फुटते त्या पानावर त्यांनी खांडच लिहिलं होतं. कॉम्प्युटरने तो शब्द लाल केला म्हणून मी आपल्या मनाने खिंडार केलं. तात्यांनी छापील पानावर बोट ठेवलं. "ह्ये बदल. खिंडार पाडतात. खांड पडते. पाडनारा दिसतो गो, पोरी. पडते तवा कोन दिसत न्हाय." त्यांचा आवाज चढला होता. मी निमूटपणे बदललं. लेखक मंडळी शब्दांना जपतात म्हणे, तसलंच काहीतरी असेल असं समजून मी विसरूनही गेले.

दर गुरुवारी एक प्रकरण टाइप व्हायचं आणि त्यांच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचं; टाकायला सोपं म्हणून त्यांनी मलाही त्यात घेतलं होतं. हां हां म्हणता सप्तद्वाराने गाव धरलं. सातव्या दाराचा द्वारपाल वज्रक फितूर निघाला. शत्रूने त्याला सोन्याचा मासा दाखवला आणि त्या माशाच्या लोभाने त्याने दार उघडं ठेवलं. राज्य बुडालं, वज्रक पकडला गेला आणि राणीसमोर उभा राहिला. आता त्याचं काय करायचं? गावात दोन पक्ष पडले. एक 'बुडवा'वाले, एक 'सोडा'वाले. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारी पोरं रांगेत खोळंबली की तिथून आवाज रेकॉर्ड करून भांडायची. एका सूनबाईंनी लिहिलं, सोडा, त्याच्या बायकोचा विचार करा. सासूबाईंनी खाली लिहिलं, बुडवा.

मी सगळ्यांत कडवी. "तात्या, एका माशासाठी राज्य बुडवलं? कुणाला पटेल हे?" मी म्हटलं.

"ज्याला पटायचं त्याला पटंल. तू सांग, काय करायचं त्याचं?"

"बुडवायचं. तेही ओहोटीला बांधून, भरती हळूहळू चढताना बघत."

तात्या मान हलवायचे, वही मिटायचे आणि जायचे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. "राग उतरला का गो?" मी नाही म्हटलं की राणीचा निकाल आणखी एक प्रकरण लांबायचा. मी थट्टेने म्हणायची, तुमच्या राणीपेक्षा अलिबागचं कोर्ट बरं.

माझ्या कडवटपणाला कारण होतं. तात्यांचं गाव तेच माझं गाव. मी आठ वर्षांची असताना, नुकतीच भाताची आवणी झालेली असताना, आषाढी अमावास्येला भर दुपारच्या उधाणात बांधाला खांड पडली. सगळी शेतं खारी झाली. बांधालगत माझ्या बाबांचं कोळंबीचं तळं होतं. तळ्यात खारं पाणी घ्यायला हिराजीनेच बांध फोडला, असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं. त्या सकाळी बाबा फावडं घेऊन बांधावर दिसले होते, एवढाच पुरावा. आम्हाला वाळीत टाकलं. आईला विहिरीवर कुणी बोलेना, दुकानात मीठ मिळेना. दिवाळीआधीच आम्ही उरणला गेलो. बाबा कंटेनरच्या यार्डात वॉचमन झाले आणि तिथेच, पत्र्याच्या केबिनमध्ये बसून बसून, एक दिवस संपले. मरेपर्यंत त्यांचं एकच म्हणणं होतं. "मी न्हाय फोडला." लग्न होऊन मी पोयनाडला आले. गाव रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं, पण मी कधी गेले नाही. बाजारात दुसरीही दोन टायपिंगची दुकानं असताना तात्या माझ्याकडेच का येतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

त्या गुरुवारी ते आले आणि दार उघडंच टाकून बाकावर बसले. मी उठून लावणार, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. टाइप कर." शेवटचं प्रकरण होतं. राणी वज्रकाला विचारते, फितुरी तुझी, मग त्या वर्षी राज्यातून हाकलला तो कोण? वज्रक सांगतो, तो भिंतीचा गवंडी होता, निर्दोष होता, मी गप्प बसलो. एवढं टाइप करून माझी बोटं थांबली. पुढच्या ओळीत गवंड्याचं नाव होतं. हिराजी.

मी तात्यांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "गटारी व्हती. भयनीचा घरवाला येनार व्हता. त्याला जिताडा खिलवायचा म्हनून सकाळी उघाडीच्या दाराला लाकडाचा ठोकळा लावला, भरतीबरोबर मासा आत येल म्हनून. पावन्यासंगती बसलो, पिलो, निजलो. जागा झालो तवा उघड्या दारातनं घुसलेल्या पान्यानं बांध नेला व्हता."

"आणि बाबा?"

"सांगनार व्हतो गो. पन लोकांनी हिराजीचं नाव घेतलं, तवा मना जरा बरं वाटलं. ठोकळा लावला ती चूक व्हती. बरं वाटलं, ते पाप."

एका जिताड्यासाठी! खारेपाटात जावयाला जिताडा, साहेबाला जिताडा, मान राखायचा तो जिताड्यानेच. त्या मानापायी माझ्या बापाचं घर गेलं होतं. मी वही उचलून रस्त्यावर फेकली. त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तात्या सगळं ऐकून घेऊन उठले, वही उचलली, झटकली, माझ्या पायरीवर ठेवली आणि गेले. दार मीच लावलं.

आठ दिवस मी दुकान उघडलं नाही. मनात एकच हिशेब चालू होता, याला कसं बुडवायचं. प्रकरण जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं असतं तरी पुरलं असतं. म्हातारा, बायको गेलेली, मूलबाळ नाही. वाळीत पडला असता तर महिनाभरही टिकला नसता. ते सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते बघून बरंही वाटत होतं. बरं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा मी दचकले. नवव्या दिवशी रिक्षा करून गावात गेले आणि त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "मी काही पाठवणार नाही. तुम्ही तोंडाने सांगा. सगळ्यांसमोर."

"जोळ हाय परवा. ये," ते म्हणाले.

जोळ म्हणजे गावाने मिळून बांध धरायचा दिवस. आता जेसीबी येतो, पण आमच्या गावात अजून अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी घरटी एक घमेलं चिखल हाताने बांधावर टाकतात. कारभारी एकेका घराचं नाव पुकारतो. "अमक्याचं घर?" घरातलं माणूस "हाय" म्हणतं आणि घमेलं टाकतं. घर कुलपात असेल तर शेजारी म्हणतो, "न्हाय." वाळीत टाकलेल्या घराचं नावच पुकारत नाहीत. आणि नावं पुकारायचं काम वर्षानुवर्षं तात्यांकडे होतं. म्हणजे दर वर्षी एक नाव गाळून ते पुढे जात होते.

त्या सकाळी तात्यांनी नावं घ्यायच्या आधी सगळं सांगितलं. ठोकळा, जिताडा, झोप, गप्प बसणं, काहीही न वगळता. मग कुणीतरी खाकरलं. "जाऊ द्या तात्या, झाला तो झाला." दुसरा म्हणाला, "तुमी गावासाठी किती केलंत." तिसऱ्याने चहा सांगितला. ग्रुपवरचे 'बुडवा'वालेसुद्धा विरघळले. पाच मिनिटांत माफी! माझ्या बाबांना ज्यांनी घोटभर पाणी दिलं नव्हतं, ती हीच माणसं. मला रडू आलं ते रागाने.

तात्या त्यांच्यावर ओरडले. इतकं मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "गप बसा! माफी काय तुमच्या घरची हाय? तुमीबी त्याचं पानी तोडलंत." मग ते खाडीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी पहिलं नाव पुकारलं.

"हिराजीचं घर?"

तात्या थांबले. दुसरं नाव घेईनात. भरती चढत होती, माणसं चुळबुळत होती, ते तसेच उभे. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "हाय." मी घमेलं उचललं आणि बाबांचा चिखल बांधावर टाकला.

परतताना मी त्यांना म्हटलं, "तात्या, मी माफ केलेलं नाही."

"नको करू. घमेलं टाकलंस, पुरं."

"आणि वज्रकाचं काय करू?"

"मना काय ठाव? तू लिव."

भाद्रपदात तात्या गेले. मी मातीला गेले होते, पण लांब उभी राहिले. पुढे ग्रुपवर सारखी विचारणा होऊ लागली, म्हणून शेवट मीच टाइप केला, राणीच्याच भाषेत. "सबब वज्रकास बुडविण्यात येऊ नये व सोडण्यातही येऊ नये. त्याने दरवर्षी सातव्या दारी उभे राहून बुडालेल्यांची नावे पुकारावीत, पहिले नाव गवंड्याचे." दोन्ही पक्षांना तो शेवट आवडला नाही.

यंदाच्या जोळीला नावं पुकारायला नवा पोरगा होता, मोबाइलमध्ये बघून वाचणारा. हिराजीचं नाव अजून पहिलंच होतं. मी घमेलं टाकून बाजूला झाले. नावं सरत गेली. शेवटी त्याने वाचलं, "काशिनाथचं घर?" हे तात्यांचं नाव. त्या घराला भाद्रपदापासून कुलूप होतं. शेजारचा म्हातारा 'न्हाय' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी रिकामं घमेलं पुन्हा चिखलात घातलं.

"हाय," मी म्हटलं.